"मी लायक नाही, म्हणून बाकावरच बसते"

"रोज मिस्साला जाते. कम्युनियनची रांग लागली की पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करते." हे सांगताना माझ्याकडे शंका घेऊन आलेल्या त्या बाई स्वतःच ओशाळल्या. मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली उपासना, आणि तिच्यात ख्रिस्ताचं शरीर म्हणून पवित्र भाकर घेणं म्हणजे कम्युनियन. वय पन्नाशीच्या पुढे, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, आणि दीड वर्ष हा प्रकार चाललेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वारंवार ख्रिस्तशरीर घेतलं तर त्याचं मोल कमी होतं का, मन कोरडं असताना घेणं म्हणजे अपमान नाही का, हे विचारणाऱ्या त्या काही पहिल्या नव्हेत.

मी विचारलं, "थांबलात ते नेमकं कधी?"

उत्तराऐवजी त्या आजीबद्दल बोलू लागल्या. आजी वर्षातून दोन-तीनदाच कम्युनियन घ्यायची, तेही मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता. "त्या दिवशी ती कोणाशी मोठ्यानं बोलायचीही नाही, ताई. आणि आम्ही? रोज घेतो, रोज भांडतो." मग हळूहळू मूळ गोष्ट निघाली. एका सकाळी त्या सासूबाईंवर खूप ओरडल्या, तशाच मिस्साला गेल्या, आणि रांगेसाठी उठवेना. दुसऱ्या दिवशीही उठवेना. मग ते अंगवळणीच पडलं.

आजीचा धाक खोटा नव्हता. मध्यरात्रीपासूनचा उपवास तेव्हा नियमच होता. १९५३ पासून तो सैल होत गेला आणि १९६४ मध्ये कम्युनियनआधीच्या एका तासावर आला. पण 'क्वचित घेणं म्हणजेच आदर' या समजुतीमागे आणखी एक जुना धागा आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या यान्सेनवाद्यांनी (कॅथलिकांमधला एक कडक विचारांचा गट) तयारीची अट इतकी उंच नेऊन ठेवली, की दूर राहणं हीच भक्ती वाटू लागली. आजीनं त्यांचं नावही ऐकलं नसेल, पण असे विचार नावाशिवायही घरोघरी पोचतात.

मी सहसा तारखा सांगत बसत नाही. या बाईंना मात्र नियम कळला की धीर येत होता, म्हणून सांगितलं. दहावे पायस पोप असताना, २० डिसेंबर १९०५ रोजी, रोमहून आदेश निघाला. रोज कम्युनियन घ्यायलाही अटी दोनच: गंभीर पाप माथ्यावर नसावं आणि हेतू शुद्ध असावा. म्हणजे निव्वळ सवयीनं, मिरवायला किंवा लोकलाजेपायी जाऊ नये. किरकोळ पापं नसली तर उत्तमच, पण ती वाट अडवत नाहीत. त्याही आधी, १५५१ मध्ये, त्रेंतच्या परिषदेनं, म्हणजे कॅथलिक धर्माधिकाऱ्यांच्या महासभेनं, या संस्काराला रोजच्या चुकांवरचा उतारा म्हटलं होतं. उतारा विष चढलेल्यालाच देतात ना?

"पण मला काहीच वाटत नाही हो," त्या म्हणाल्या.

इथे मी त्यांना झोपेबद्दल विचारलं. रात्रीतून तीनदा उठणं होत होतं. अशा थकव्यात मन कोरडं पडणारच. त्याला श्रद्धेचं मोजमाप कशाला करायचं? मात्र त्या ओरडण्याचं पाप किती गंभीर, हे ठरवणं माझं काम नव्हे. त्यासाठी फादरांकडे पापनिवेदनाला जा, असं स्पष्ट सांगितलं. दीड वर्ष त्या तिथेही गेल्या नव्हत्या.

मला सर्वांत जास्त खटकलं ते वेगळंच. कम्युनियनआधी सगळे जण म्हणतात, "प्रभो, तू माझ्या घरी यावंस अशी माझी योग्यता नाही, परंतु तू एक शब्द बोल." हे म्हणून लोक उठतात. या बाई रोज पहिला अर्धा भाग मनापासून म्हणत होत्या आणि तिथेच थांबत होत्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

१८८९ मध्ये फ्रान्समधल्या लिस्यूच्या मठातल्या, पुढे संत ठरलेल्या, सोळा वर्षांच्या तेरेझाची मामेबहीणही अशाच शंकांनी कम्युनियन टाळत होती. तेरेझानं तिला कळवलं ते अशा अर्थाचं: तू दूर राहिलीस की सैतानाला हवं तेच होतं. सोळाव्या वर्षी इतकं रोखठोक! मी आजही इतकं थेट बोलायला बिचकते.

सवय लागण्याचा धोका मात्र खरा आहे, तो मी नाकारला नाही. त्यावर इलाज गैरहजेरीचा नाही; आधी चार मिनिटं मन गोळा करायचं, नंतर चार मिनिटं आभार मानायचे. १९०५ चा तो आदेशही तयारी आणि आभाराचा आग्रह धरतो.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. पापनिवेदन झालं होतं आणि बहुतेक दिवशी त्या रांगेत उभ्या राहत होत्या. काही वाटतं का, विचारलं. "कधीमधी," म्हणाल्या. मग चाचरत त्याच पुढे म्हणाल्या, "मागच्या आठवड्यात दोनदा बसून राहिले. सासूबाईंना भरवता भरवता दोन घास मीही खाल्ले होते, तास झाला नव्हता."

मी म्हटलं, "आजारी, वृद्ध आणि त्यांची सेवा करणारे, यांना त्या एका तासाची सूट आहे."

"काय सांगता!" त्या म्हणाल्या. "मग मी उगाचच बसले होते की."