तुझं पोस्टर पाहिल्यावर

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गणेशोत्सवाचं पोस्टर मी मोठं करून पाहिलं. रंग चांगले आहेत. शेंदरी रंगाशेजारी ठेवलेला तो मळकट हिरवा तर फारच आवडला. पण ‘निमंत्रण’ हा शब्द बघ. तो ऐसपैस दिसावा म्हणून तू अक्षरांमधलं अंतर वाढवलंस आणि शिरोरेषेचे चार तुकडे झाले. रोमन अक्षरं मुळात सुटी उभी असतात, त्यांना सरकवलं तरी चालतं. आपली अक्षरं एका दोरीला टांगलेली आहेत. जागा भरायची असेल तर अक्षराचा आकार वाढव, जाड फॉन्ट घे, नाहीतर शब्द सरळ हाताने काढ आणि रेघ हवी तितकी लांबव.

लॅपटॉप कोणता घेऊ आणि सॉफ्टवेअर आधी कोणतं शिकू, असं तू विचारलं आहेस. ते पुढे सांगतो. या एका शब्दाने मनात जे आलं ते आधी लिहितो, कारण पुढची चार वर्षं डिझाइन शिकताना तुला ते पदोपदी भेटणार आहे.

वर्गात जे शिकवतील त्यातलं बरंचसं रोमन लिपी गृहीत धरून असेल. ग्रिड म्हणजे पानाची चौकटींची आखणी, ओळींमधलं अंतर, अक्षरांचं वजन, हे सगळे हिशेब तिकडून आलेले आहेत. ते मन लावून शीक. मात्र प्रत्येक असाइनमेंट, सरांनी मागो न मागो, एकदा मराठीतही करून बघ. आपल्या लिपीला वरही माळा आहे आणि खालीही. इंग्रजीच्या अंतरावर मराठी ओळी बसवल्यास की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. हे वाचून कळत नाही, स्वतः मजकूर लावताना डोळ्यांना खुपतं तेव्हाच कळतं.

पहिल्या वर्षी ड्रॉइंग, रंगचक्र, अक्षरलेखन हातानेच करायला लावतात. संगणकावर दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला दोन दिवस का घालवायचे, असं वर्गात कुणीतरी म्हणेलच. तू एक बोरू घे. रोमन अक्षरांसाठी निब जशी तिरकी धरतात, त्याच्या उलट कल बोरूला लागतो. म्हणून आपल्या अक्षरात जाड आणि बारीक भाग वेगळ्या ठिकाणी येतात. महिनाभर रोज अर्धा तास नुसतं ‘क’, ‘त’, ‘ळ’ काढलंस, तर कुठल्याही फॉन्टमधलं चुकीच्या जागी जाड झालेलं अक्षर तुला लांबून ओळखता येईल.

र. कृ. जोशी हे नाव लक्षात ठेव. जाहिरात क्षेत्रात काम केलेला हा माणूस कवीही होता, आणि त्यांनी आयआयटी मुंबईच्या डिझाइन केंद्रात शिकवलं. विंडोजसोबत आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांनी घडवला. कोट्यवधी लोकांनी संगणकावर मराठी-हिंदी वाचली ती त्या अक्षरांत. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं जाहिरातींसाठी अशी रेखली की नाव वाचतानाच नाटकाची जात कळावी. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या जुन्या जाहिराती जिथे मिळतील तिथे बघ आणि चार-पाच नावं ट्रेसिंग कागदावर उतरवून काढ. वळण कुठून सुरू होतं आणि कुठे थांबतं ते हाताला समजू दे.

आता स्क्रीनचं. मी नोकरीला लागलो तेव्हा युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला आकडा देणारी पद्धत, आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. प्रत्येक मराठी फॉन्टचं कोष्टक वेगळं, आत साठवलेली इंग्रजी अक्षरंच, फक्त दिसायला मराठी. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची फाइल मी छापखान्यात दिली. तिथल्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. प्रूफ आलं तेव्हा अध्यक्षांचं मनोगत इंग्रजी अक्षरं आणि कंसांच्या गिचमिडीत उतरलेलं होतं. रात्रभर बसून आम्ही ते सावरलं. पण त्या काळात टाइप झालेला कितीतरी मराठी मजकूर आजही जुन्या फायलींत अडकून पडला आहे, शोधला तर सापडत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तू युनिकोडमध्येच काम कर. कुणी जुन्या फॉन्टमध्ये फाइल मागितली तरी मूळ मजकुराची युनिकोड प्रत जपून ठेव.

फोटोशॉप, इलस्ट्रेटरच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, चालू केला नाही तर पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. वेबपेजच्या कोडमध्ये भाषा सांगण्याची एक जागा असते. तिथे मराठीची खूण घातली आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात: पाकळीचा ल, देठाचा श. तुझ्या पोस्टरवर दोन्ही हिंदी वळणाचे आहेत. आणि ‘आचाऱ्यांना’ हा शब्द टाइप करून बघायची सवय लाव. फॉन्टने त्याचं ‘आचार्यांना’ केलं तर तो फॉन्ट मराठीसाठी घेऊ नकोस. लग्नपत्रिकेत स्वयंपाक करणारे आणि विद्वान यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे ‘एक टाइप’ या संस्थेचे फॉन्ट मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत, तिथून सुरुवात कर. चोरून उतरवलेल्या फॉन्टवर एकही काम करू नकोस. अक्षर घडवणाऱ्याची त्यात वर्षं गेलेली असतात.

लॅपटॉपसाठी कर्ज काढू नका. कॉलेजच्या लॅबमधली यंत्रं वापर, दुसऱ्या वर्षी गरज कळली की मग घे. तोवर इंकस्केप, क्रिता, ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

बाबांना वाटतं की हे शिक्षण कालपरवाचं आहे, टिकेल का. त्यांना सांग की मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची आणि आयआयटी मुंबईचं केंद्र १९६९ चं.

या सुट्टीत एक काम कर. तुमच्या गावच्या एसटी स्थानकात दोन दिवस जा आणि चौकशीच्या खिडकीपाशी उभी राहा. वेळापत्रकाचा फलक समोर असताना लोक खिडकीत येऊन विचारतात. का विचारतात ते वहीत लिही. एखाद्या आजींना गावाचं नाव सापडलं तरी त्यासमोरची वेळ कुठल्या ओळीतली ते कळत नाही. कुणाला आकडे दिसत नाहीत, कारण दुपारचं ऊन फलकावर येतं. कुणाला गाडी कुठल्या फलाटावर लागते एवढंच हवं असतं आणि नेमकं तेच लिहिलेलं नसतं. कुणाला वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी काय करशील? हे सगळं लिहून झाल्याशिवाय काहीही काढायला बसू नकोस. मग आधी कागदावर फलक काढ, आणि तीच माहिती मोबाइलच्या पडद्यावर कशी येईल तेही काढ. घरातला सगळ्यात स्वस्त फोन घेऊन उन्हात उभी राहून ते वाचून बघ. पोर्टफोलिओत हे काम ठेवशील तेव्हा फसलेले आराखडेही ठेव. मी मुलाखती घेतो तेव्हा तेच आधी बघतो.

पोस्टर दुरुस्त करून पुन्हा पाठव. दिवाळीत इकडे येशील तेव्हा ती वही घेऊन ये. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, त्याचे काही जुने अंक माझ्याकडे आहेत. मुखपृष्ठांवरचं चित्र आणि अंकाचं नाव त्यांनी एकमेकांत कसं बसवलं आहे, ते आपण शेजारी बसून एकेक करून पाहू.

कळावे.