वाचकांचे प्रश्न : कार्यालयातील संगणकांवर पॉप-अप निरोप

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे कार्यालय दोन मजल्यांवर असून सर्व संगणक एकमेकांना जोडलेले आहेत. विंडोज एक्सपी असताना ‘नेट सेंड’ ही आज्ञा देऊन खालच्या काउंटरवरून वर व्यवस्थापकांकडे निरोप लगेच जात असे. आता विंडोज 10 व 11 वर ती चालत नाही. ‘एमएसजी’ ही आज्ञा वापरली, तर काही संगणकांवर ती सापडतच नाही, काहींवर ‘एरर 5’ आणि काहींवर ‘एरर 1722’ येते. इंटरनेट बंद असतानाही चालेल असा मार्ग सुचवावा. – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ‘नेट सेंड’ ज्या मेसेंजर सेवेवर चालत असे, ती मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट 2004 मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर, म्हणजे सुधारणांच्या संचाबरोबर, मुळातच बंद अवस्थेत द्यायला सुरुवात केली आणि एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ती काढूनच टाकली. निरोप खरोखर कोणी पाठवला हे पडताळण्याची सोय त्या सेवेत नव्हती. 2002 च्या सुमारास इंटरनेटला थेट जोडलेल्या संगणकांवर बाहेरून जाहिरातींचे आणि ‘तुमचा संगणक बिघडला आहे’ अशा खोट्या इशाऱ्यांचे पॉप-अप येऊ लागले. ऑक्टोबर 2003 मध्ये तर त्या सेवेतील अशी त्रुटी जाहीर झाली, की तिच्या आधारे परक्या माणसाला संगणकाचा ताबा घेता येत असे. म्हणून ती सेवा जुन्या फाइली आणून पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत पडू नये.

‘एमएसजी’ ही आज्ञा विंडोजच्या प्रो व त्यावरील आवृत्त्यांत असते, होम आवृत्तीत नसते. तुमच्या काही संगणकांवर ती न सापडण्याचे कारण बहुधा हेच असावे. तेवढ्यासाठी कुठल्याही संकेतस्थळावरून ती फाइल उतरवून घेऊ नये. पैशाचे व्यवहार होणाऱ्या संगणकावर तर नाहीच नाही.

आता त्रुटींविषयी. 1722 याचा अर्थ समोरच्या संगणकाच्या संबंधित सेवेपर्यंत तुमची विनंती पोहोचलीच नाही. अशा वेळी संगणकाचे नाव बरोबर आहे का, नेटवर्क ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे का आणि फायरवॉल (नको असलेली जोडणी अडवणारी यंत्रणा) 445 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे विनंती आत येण्याचे दार, अडवत आहे का, हे पाहावे. 5 याचा अर्थ विनंती पोहोचली, पण नाकारली गेली. त्यासाठी ज्या संगणकावर निरोप यायचा आहे, त्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) ‘टर्मिनल सर्व्हर’ या नोंदीखाली ‘अलाउ रिमोट आरपीसी’ची किंमत 1 करावी लागते, आणि पाठवणाऱ्याचे खाते त्या संगणकाला मान्य असून त्याला निरोप पाठवण्याची परवानगीही असावी लागते. डोमेन, म्हणजे सर्व संगणकांची खाती एका सर्व्हरवरून सांभाळण्याची व्यवस्था, असलेल्या मोठ्या कार्यालयात हे एका जागेवरून ठरवता येते. तुमच्यासारख्या वर्कग्रुपमध्ये (प्रत्येक संगणकाची खाती स्वतंत्र असलेल्या जोडणीत) मात्र प्रत्येक संगणकावर जाऊन करावे लागते. फायरवॉलमधील सूट केवळ स्थानिक नेटवर्कपुरतीच द्यावी आणि राउटरवरून 445 चे पोर्ट बाहेर कधीही उघडू नये, कारण मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर याच पोर्टवरून एका संगणकातून दुसऱ्यात पसरत गेले होते.

एवढे सारे पाहता, केवळ काउंटरवरून वर निरोप जावा यासाठी प्रत्येक संगणकाची रजिस्ट्री बदलणे मला योग्य वाटत नाही. ‘एमएसजी’ एकतर्फी सूचनेसाठी चांगली आहे. ‘सर्व्हर पाच मिनिटांत बंद होईल, काम जतन करा’ असे सांगणाऱ्या व्यवस्थापकाला ती उपयोगी पडते. वेळ ठरवून दिली नाही, तर तिची चौकट साठ सेकंदांनी आपोआप नाहीशी होते, त्यामुळे जागेवर नसलेल्या माणसाला निरोप आल्याचे कळतही नाही.

तुमच्या कामाला आयपी मेसेंजरसारखा स्थानिक नेटवर्कवर चालणारा विनामूल्य प्रोग्राम अधिक बरा. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, होम आवृत्तीवरही तो चालतो आणि निरोपांची नोंद ठेवतो. तो मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा आणि फायरवॉलमध्ये त्याच्या 2425 या पोर्टला स्थानिक नेटवर्कपुरती परवानगी द्यावी.

हा प्रोग्राम बसवल्यावर दोन मजल्यांच्या कार्यालयात हमखास येणारी अडचण अशी, की खालच्या मजल्यावरील सगळी नावे यादीत दिसतात आणि वरची एकही दिसत नाही. असे झाल्यास वरच्या मजल्यावर वाय-फायसाठी दुसरा राउटर लावलेला आहे का ते पाहावे. तो स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करत असेल, तर एकमेकांना शोधण्यासाठी सोडलेली हाक त्याच्यापलीकडे जात नाही. त्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ या पद्धतीवर, म्हणजे वेगळे नेटवर्क न बनवता आहे तेच पुढे नेण्याच्या पद्धतीवर, आणले, की दोन्ही मजले एका नेटवर्कवर येतात. ‘गेस्ट’ वाय-फायवर जोडलेला संगणकही असाच इतरांना दिसत नाही.

‘एमएसजी’ असो की आयपी मेसेंजर, खात्यातून रक्कम देणे, कर्जमंजुरी किंवा पासवर्ड यांविषयीचा आदेश पॉप-अपवरून देऊ नये आणि स्वीकारूही नये. चौकटीत व्यवस्थापकांचे नाव दिसले, तरी त्या संगणकावर त्या क्षणी दुसरे कोणी बसलेले असू शकते. अशा निरोपावर अंतर्गत दूरध्वनीवरून खात्री करून घेण्याचा नियम लेखी स्वरूपात काउंटरवर लावावा.