पत्ती, तार, स्कर्ट: स्पिनरबेटवर तुमचे प्रश्न

या वेळी स्पिनरबेटबद्दल, म्हणजे तारेवर फिरणाऱ्या चकचकीत पत्त्यांनी माशाला भुलवणाऱ्या कृत्रिम आमिषाबद्दल (असल्या आमिषाला ल्युअर म्हणतात), इतकी पत्रं आली की म्हटलं बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकलू आणि हाच विषय घेऊ.

प्रश्न: दादा, पहिला स्पिनरबेट घ्यायचाय. कुणाला गोल पत्ती, कुणाला लांबट, कुणाला दोन-दोन, रंग तर मोजता येणार नाहीत इतके. कुठला घेऊ?

उत्तर: रंगाकडे आत्ता बघूच नकोस, आधी पत्ती बघ. जवळजवळ गोल आणि खोलगट असते ती कोलोराडो. ती पाण्याला जाम अडते, हळू ओढली तरी फिरते आणि तिची धडधड पार रॉडच्या टोकापर्यंत हाताला कळते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते ना, तिच्यातून त्याला पाण्यातली हालचाल समजते, म्हणजे गढूळ पाण्यात किंवा रात्री त्याला काही दिसत नसलं तरी ही पत्ती कुठून चाललीय ते कळतं. दुसरी विलो, लांब आणि टोकदार. ती तारेला चिकटून फिरते, धडधड कमी पण चमक भरपूर, शिवाय पाण्याला फार अडत नाही म्हणून वेगात ओढली तरी ल्युअर वर उसळत नाही आणि वनस्पतीतूनही बऱ्यापैकी सटकते. नितळ पाण्यासाठी ही. तिसरी इंडियाना, थेंबाच्या आकाराची, दोघींच्या मधली.

तुझं पाणी कधी नितळ कधी गढूळ असं असेल (बहुतेकांचं तसंच असतं) तर पुढे छोटी कोलोराडो आणि मागे मोठी विलो अशी जोडी घे, वजन 3/8 औंस म्हणजे साधारण 10 ग्रॅम. उथळ पाण्यात 1/4 औंस पुरतो, खोलात तळाजवळून हळू ओढायचा असेल तर 1/2 किंवा 3/4 औंस लागतो, कारण हलका ल्युअर पत्तीच्या उचलीने वर येत राहतो आणि आपण समजतो की खोलातून चाललाय.

आता रंग. नितळ पाण्यात चंदेरी पत्ती आणि पांढरा किंवा अर्धपारदर्शक स्कर्ट (गळाभोवतीची धाग्यांची झालर), गढूळ पाण्यात सोनेरी पत्ती आणि भडक पोपटी-पिवळा, रात्री काळा. एवढ्यावर सुरुवात होते. बाकीचे रंग माशांपेक्षा आपल्यालाच जास्त भुलवतात असं माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून दे.

प्रश्न: मी स्पिनरच वापरतो आणि दोरीला पीळ पडून पडून वैताग आलाय. स्पिनरबेट म्हणजे तेच ना?

उत्तर: नाही हो. तुमच्याकडे आहे तो इनलाइन स्पिनर, त्यात एकच सरळ तार असते आणि पत्ती तिच्याभोवती फिरते, म्हणून अख्खा ल्युअर गोल फिरून दोरीला पीळ देतो. त्याच्या पुढे दोरीत एक चांगला स्विव्हल (स्वतःभोवती फिरणारी जोडकडी) टाका, त्रास बराच कमी होईल. स्पिनरबेटची तार उघड्या सेफ्टी पिनसारखी दुमडलेली असते, वरच्या दांडीला पत्त्या आणि खालच्या दांडीला शिशाचं डोकं आणि गळ. जड डोकं खाली राहतं त्यामुळे तो सहसा फिरत नाही. आणि वरची दांडी गळाच्या पुढे ढालीसारखी येते म्हणून बुडालेल्या फांद्यांतून, लव्हाळ्याच्या कडेने बिनधास्त ओढता येतो.

प्रश्न: माझा स्पिनरबेट पाण्यात एका बाजूला कलंडून चालतो. नवीन आणू का?

उत्तर: थांबा, आधी पक्कड आणा. ल्युअर समोरून डोळ्यांसमोर धरा, वरची तार बरोबर गळाच्या दांडीच्या रेषेत वर हवी. मासा लागून गेला किंवा ल्युअर खोडात अडकून ओढून काढला की ही तार हमखास वाकते आणि आपलं लक्षच जात नाही. थोडं थोडं वाकवत सरळ करा, एकाच जागी सारखी पुढेमागे वाकवू नका, तार तिथेच तुटते. मग काठाजवळच्या स्वच्छ पाण्यात वेगाने ओढून बघा, पत्त्या वर आणि गळ खाली असा उभा चालला की झालं.

तार सरळ आहे तरी वेगात कलंडतोय? मग डोक्याच्या मानाने पत्ती मोठी आहे, एक नंबर लहान पत्ती लावा नाहीतर सावकाश ओढा. आणि अजून एक, पत्तीवर फुंकर मारून बघा. झटकन फिरायला पाहिजे. अडखळत असेल तर स्विव्हलमध्ये रेती किंवा गंज आहे, धुऊन नाही सुटलं तर बदलून टाका. बॉल बेअरिंगवाला स्विव्हल थोडा महाग असतो पण हळू ओढताना तोच कामाला येतो. लोक ल्युअर बदलतात, रंग बदलतात, जागा बदलतात, आणि तिकडे पत्ती फिरतच नसते!

प्रश्न: टोला जाणवतो, पण मासा लागत नाही. ट्रेलर गळ, म्हणजे मुख्य गळाच्या मागे दुसरा गळ, लावावा का? आणि मागे रबरी शेपटीही लावली तर चालेल?

उत्तर: ताई, आधी गळाची धार बघा. टोक नखावर हलकेच टेकवून ओढा, रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट झालाय. मग स्कर्ट बघा, गळाच्या वाकापेक्षा खूप मागे लोंबत असेल तर मासा नुसते धागे तोंडात घेऊन सोडतोय, कात्रीने थोडा कमी करा. रबरी शेपटीचंही तेच. शेपटीने अंग भरतं, ल्युअर जरा वर तरंगतो आणि सावकाश ओढता येतो, मला आवडते, पण टोले वाया जात असतील तेव्हा आखूड करा नाहीतर काढून टाका.

तरीही मासा सुटत असेल तर ट्रेलर गळ. त्याला मोठ्या डोळ्याचा गळ लागतो, मुख्य गळाच्या काट्यावरून तो डोळा गेला पाहिजे. डोळ्यावर मऊ रबरी नळीचा छोटा तुकडा आधी चढवा आणि मग मुख्य गळाचं टोक नळी आणि डोळा दोन्हींतून आरपार काढा, म्हणजे ट्रेलर सरळ राहतो, लटकत नाही, निसटतही नाही. दोन्ही टोकं वरच्या दिशेला ठेवा. शेपटी लावणार असाल तर ती आधी ओवा, ट्रेलर नंतर. दाट वनस्पतीत मात्र ट्रेलर नको, दर फेकीला गवताचा गठ्ठा बाहेर येईल.

आणि टोला जाणवल्याबरोबर हिसका देऊ नका, रील फिरवत राहा, वजन आलं की मग रॉड मागे घ्या.

प्रश्न: दोरी थेट बांधू की स्नॅप (उघडमीट होणारी छोटी कडी) लावू?

उत्तर: तारेचा वाक उघडा असेल तर थेट बांधा, स्नॅप तारेवरून वर सरकतो आणि चालच बिघडते. वाकात बंद कडी असेल तर स्नॅप चालतो, गरज मात्र फारशी नाही. पालोमार गाठ इथे अडचणीची, अख्खा ल्युअर फासातून काढावा लागतो आणि पत्त्या अडकतात, त्यापेक्षा नायलॉनला इम्प्रूव्ह्ड क्लिंच आणि वेणीच्या दोरीला युनी. गाठ ओली करून घट्ट करा.

प्रश्न: यावर रोहू लागेल का?

उत्तर: त्या आशेवर राहू नका. हा पाठलाग करणाऱ्या शिकारी माशांचा ल्युअर आहे, मरळ, बास, पाईक असले. रोहूसाठी कणकेचं आमिष आणि साधा गळच बरा.

प्रश्न: डब्यातले स्कर्ट चिकट होऊन एकमेकांत विरघळलेत, असं का?

उत्तर: रबरी शेपट्या त्याच डब्यात ठेवल्या असणार. त्या वेगळ्या ठेवा, ल्युअर सुकवूनच डबा बंद करा, उन्हात तापू देऊ नका. स्कर्ट तेवढे नवीन चढवा, तार आणि डोकं चांगलं असेल तर ल्युअर टाकायची गरज नाही.