लॅपटॉपची स्क्रीन आणि आवाज वायफायवरून टीव्हीवर पाठवताना सारखं अडकतं. नेटचा प्लॅन वाढवू का? आणि तेच सोबत दोन मोबाईलवर दाखवता येईल का?

प्लॅन वाढवू नका. कुठेही कास्टिंग अडखळलं की "नेट स्लो असेल" म्हणणारा एक जण असतोच, आणि त्याच्याशी वाद घालून माझा घसा बसलाय. म्हणून आधी तेच.

लॅपटॉपची स्क्रीन टीव्हीवर जाते तेव्हा ती इंटरनेटवर जातच नाही. राउटरला बाहेरून येणारी वायर काढून बघा, मिराकास्ट (विंडोजमधली स्क्रीन वायरशिवाय टीव्हीवर पाठवायची सोय) चालूच राहील. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे कच्चा डेटा सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. लॅपटॉपमधला एन्कोडर (व्हिडिओ लहान करणारा भाग) तो दाबून १० ते २० मेगाबिटवर आणतो. एवढं कुठल्याही बऱ्या वायफायला जड नाही. अडतं ते वेगामुळे नाही, हवेतल्या गर्दीमुळे. एका चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या एका लेनवर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं, बाकीचे थांबतात. त्यात राउटरमार्गे कास्ट करत असाल तर डेटाचं प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं: लॅपटॉपकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर तर १, ६ आणि ११ एवढेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, आणि तिथे शेजारपाजारचे सगळे राउटर आधीच बसलेले असतात.

तेव्हा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर घ्या आणि टीव्हीला राउटरपासून लॅनची केबल लावा. हवेतली निम्मी वाहतूक तिथेच संपते. इथे पुन्हा तोच माणूस म्हणतो की टीव्हीचा लॅन पोर्ट फक्त १०० मेगाबिटचा आहे, वायफाय त्याहून जास्त दाखवतं. अहो, पाठवायचेत २० मेगाबिट! वायफायचा मोठा आकडा कागदावरचा, केबलचे १०० हातातले.

मिराकास्टची गोष्ट वेगळी. ते सहसा राउटरला विचारत नाही, वायफाय डायरेक्टने (राउटरशिवाय दोन यंत्रांची थेट जोडणी) टीव्हीशी जोडलं जातं. म्हणजे लॅपटॉपचं एकच वायफाय कार्ड दोन संसार सांभाळतं. राउटर ३६ नंबरच्या (५ गिगाहर्ट्झच्या) चॅनेलवर आणि टीव्हीशी जोडणी ६ वर (२.४ च्या) झाली, की कार्ड या दोन चॅनेलांत उड्या मारत राहतं. लक्षण ठरलेलं: थोडा वेळ चित्र गुळगुळीत, मग गचका, पुन्हा गुळगुळीत. खात्री करायची तर लॅपटॉपचं वायफाय चालू ठेवून फक्त राउटरपासून तोडा आणि विंडोज+के दाबून पुन्हा कास्ट करा. गचके गेले तर दोष चॅनेलचा. मग लॅपटॉपला इंटरनेट लॅन केबलने द्या, नाहीतर टीव्ही ज्या बँडवर जोडला जातो त्याच बँडवर लॅपटॉपही न्या.

टीव्ही यादीत दिसतच नसेल तर गेस्ट नेटवर्क, राउटरमधलं क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं सेटिंग) आणि लॅपटॉपवरचं व्हीपीएन, हे तीन संशयित आधी तपासा. लॅपटॉपला मिराकास्ट जमतं का ते विंडोजमधल्या डीएक्सडायग या तपासणी-प्रोग्रॅममधून माहिती सेव्ह केली की त्या फाईलमध्ये मिराकास्टच्या ओळीत लिहिलेलं असतं.

आवाज चित्राबरोबरच जाऊ द्या. चित्र टीव्हीवर आणि आवाज लॅपटॉपला जोडलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर, हा प्रकार करूच नका. दोघांचा उशीर वेगवेगळा, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. स्पीकर टीव्हीला जोडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला तर टास्कबारवरच्या स्पीकरच्या खुणेतून आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. क्रोममधून नुसता टॅब कास्ट केला तर आवाज आपोआप जातो. पूर्ण स्क्रीन कास्ट करताना सिस्टिम ऑडिओची खूण करावी लागते, ती बहुतेक जण विसरतात. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थोडा फरक उरला तर जे आणि के या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मागेपुढे होतो. माऊस मागून येतोय असं वाटलं तर टीव्हीचा गेम मोड चालू करा.

आता दोन मोबाईल. मिराकास्टला एका वेळी एकच टीव्ही कळतो, तिथे डोकं आपटू नका. लॅपटॉपवर ओबीएस (स्क्रीन पकडून पाठवणारा प्रोग्रॅम, आवृत्ती ३० किंवा पुढची) आणि मीडियाएमटीएक्स (ती स्ट्रीम अनेकांना वाटणारा सर्व्हर) टाका. ओबीएसच्या स्ट्रीम सेटिंगमध्ये व्हिप (WHIP, स्ट्रीम पाठवायची पद्धत) निवडा आणि पत्ता द्या: लोकलहोस्ट (म्हणजे हाच लॅपटॉप), पोर्ट ८८८९, मग स्ट्रीमचं नाव, शेवटी स्लॅश व्हिप. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी, तोच पोर्ट आणि तेच नाव टाकलं की चित्र-आवाज येतो, वेगळं ॲप लागत नाही. ओबीएसमध्ये कीफ्रेम इंटरव्हल (दर किती वेळाने पूर्ण चित्र पाठवायचं ते) ऑटोवर सोडू नका, १ सेकंद लिहा. नाहीतर मागाहून जोडलेला मोबाईल काही सेकंद काळाच राहतो. फायरवॉलने विचारलं तर प्रायव्हेट नेटवर्कसाठी परवानगी द्या. तीनही ठिकाणी आवाज तंतोतंत एकत्र येणार नाही, म्हणून एकाच ठिकाणी चालू ठेवा, बाकीचे म्यूट.

हे सगळं विंडोजसाठी लिहिलंय. मॅकमध्ये मिराकास्ट नाहीच, तिथे एअरप्ले. आणि पैसे भरून बघायच्या ओटीटी ॲपचं चित्र ओबीएसमध्ये काळं दिसलं तर सेटिंग शोधत बसू नका, ते कॉपी-संरक्षणाने मुद्दाम अडवलेलं असतं. तिथे टीव्हीवरचं त्यांचं स्वतःचं ॲप उघडा.