ती मोठ्या झुरळांची पिल्लं नव्हेत

प्रश्न : बाई, नमस्कार. वर्षभरापूर्वी आम्ही लालबागच्या चाळीतून भांडुपला चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत मोरीतून बोटाएवढी तांबडी झुरळं यायची, अंगावर उडायचीसुद्धा. इथं ओट्याखालच्या ट्रॉल्यांत नुसती बारकी पिल्लं, मोठं एकही दिसत नाही. जूनमध्ये पेस्ट कंट्रोल करून घेतलं, महिन्याभरात पुन्हा तीच गत. यांचे आईबाप लपलेत कुठं? सासूबाई म्हणतात, झुरळ चिरडायचं नाही, अंडी घरभर पसरतात. परवा एक पांढरंफटक झुरळ निघालं, तेव्हापासून त्यांनी ट्रॉली उघडणंच सोडलंय.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी आमच्याच ट्रॉलीत टॉर्च मारून आले. तीन सापडली. तेव्हा उपदेश करायचा माझा अधिकार बेताचाच समजा.

आईबाप लपलेले नाहीत, तुमच्या डोळ्यांसमोरच फिरताहेत. त्या बारक्यांतली पंख असलेली सगळी पूर्ण वाढलेली, लेकुरवाळी आहेत. ही जातच वेगळी, जर्मन झुरळ. फार तर दीड सेंटिमीटर लांब, फिकट तपकिरी, डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या रेघा. चाळीतलं तांबडं ते अमेरिकन, साडेतीन-चार सेंटिमीटरचं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री आमचे शिपाई गटाराच्या चेंबरवरून डबा भरून आणायचे, ती सगळी हीच. जर्मन झुरळ चिरायला हाताशी येतच नाही.

नावांवर मात्र जाऊ नका. अमेरिकन मूळचं आफ्रिकेतलं. जर्मनला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसनं १७६७ मध्ये ते नाव दिलं खरं, पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात वेगळी जात म्हणून निपजलं. म्हणजे माहेर इकडचंच!

आता मुद्द्याची गोष्ट, अंड्यांची डबी. झुरळ अंडी सुटी घालत नाही. राजम्याच्या बारक्या दाण्यासारखी टणक डबी करतं आणि आत अंडी ओळीनं रचलेली असतात. अमेरिकन मादी ही डबी एक-दोन दिवसांत कुठंतरी सांदीत चिकटवते आणि चालू लागते. आत १४ ते १६ अंडी, पिल्लं निघायला दीडेक महिना, मोठी व्हायला सहा महिने ते वर्ष. जर्मन मादी जास्त जपते. पिल्लं निघायची वेळ येईपर्यंत डबी पोटाच्या टोकाला धरून हिंडते, तीनेक आठवडे. आणि डबीत ३० ते ४० अंडी. आपल्या हवेत दोनेक महिन्यांत ती पिल्लं स्वतः डब्या घेऊन फिरायला लागतात.

म्हणून तुमचं पेस्ट कंट्रोल फसलं. औषध डबीच्या आत पोचत नाही. आई मेली तरी डबीतली अंडी पिकत आलेली असतील तर पिल्लं बाहेर पडतात. फवारणारा माणूस दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा आला नाही, तर पहिल्या वेळचे पैसे पाण्यात. सासूबाईंचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. चिरडल्यानं अंडी पसरत नाहीत, पण डबी शाबूत राहिली तर धोका राहतोच. चप्पल मारायचीच तर डबीही चिरडा आणि कागदात गुंडाळून फेका.

चौदाव्या मजल्यावर ती चढून आली नसावीत. बहुधा तुम्हीच आणलीत, किराण्याच्या खोक्यांतून किंवा लालबागहून आलेल्या सामानातून. पाठ आणि पोट दोन्ही टेकतील अशी फट त्यांना लागते: ट्रॉलीची बिजागरी, फ्रिजच्या दाराचं रबर, मिक्सरचं बूड. जिथं मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसतील तिथं त्यांची वस्ती. त्या विष्ठेच्या वासावरच बाकीची गोळा होतात.

तिथंच झुरळांचं जेल, म्हणजे विष कालवलेलं आमिष, लावा, टिकलीहून लहान थेंब, पुष्कळ ठिकाणी. मुलांचा हात पोचेल तिथं मात्र नको. जेल खाल्लेलं झुरळ मरतं, त्याची विष्ठा आणि मढं बाकीची खातात, फटीतली पिल्लंसुद्धा, आणि विष पुढं सरकतं. किळस येते, पण काम त्या किळसवाण्या सवयीवरच चालतं. जेल लावलं तिथं स्प्रे मारू नका, त्या वासानं ती जेलकडे फिरकत नाहीत. रात्री सिंक फडक्यानं कोरडं करा, फ्रिजमागच्या ट्रेमधलं पाणीही ओता. पाण्याशिवाय जर्मन झुरळ दोनेक आठवडेच काढतं, अन्नाशिवाय त्याहून कितीतरी जास्त.

तांबडी पुन्हा दिसली तर जेलआधी बाथरूमचा नहाणी ट्रॅप बघा. त्यात साचलेलं पाणी हाच गटार आणि घर यांच्यामधला पडदा. न वापरलेल्या बाथरूममध्ये तो सुकतो आणि वाट मोकळी होते. आठवड्याला दोन तांबे पाणी ओतलं की झालं. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका.

राहिलं पांढरं झुरळ. सासूबाईंना सांगा, रोगबिग काही नाही, त्यानं नुकतीच कात टाकली होती. मोठं होईतो जर्मन झुरळ सहा-सात वेळा कात टाकतं, अमेरिकन दहा-तेरा वेळा, आणि नवं कवच टणक होईपर्यंत पांढरंच दिसतं. आमच्या एका बॅचनं असंच एक पकडून बरणीत ठेवलं, वर ‘दुर्मीळ’ अशी चिठ्ठी डकवली. मधल्या सुट्टीनंतर बघतात तर आत साधं तपकिरी झुरळ. दोन दिवस सगळी शिपाईमामांकडे संशयानं बघत होती.