जुनी मस्टँग घेण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

डेट्रॉइटला रुळलास आणि साठवलेल्या पैशांतून १९६५ ची फोर्ड मस्टँग घ्यायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. जरूर घे. पण ‘आजच्या गाड्यांत दम नाही’ हे तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. तू आता मोटारींच्याच क्षेत्रात नोकरीला लागलास, म्हणून स्पष्ट लिहितो.

दमाचा हिशोब १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून करू; पॉन्टिअॅक हा जनरल मोटर्सचाच ब्रँड. मसल कारचं, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या जोरदार गाड्यांचं, युग तिच्यापासून सुरू झालं असं मानतात. मध्यम आकाराच्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायला जनरल मोटर्सचा नियम आड येत होता, म्हणून पॉन्टिअॅकचे इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि सहकाऱ्यांनी ६.४ लिटरचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन ‘ऑप्शन’ म्हणून गाडीत बसवलं. ताकद सांगितली ३२५ अश्वशक्ती. पण तेव्हा इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता मोजत. १९७२ पासून प्रत्यक्ष गाडीतल्यासारखं सगळं जोडून मोजायला लागले आणि कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. २०२३ पर्यंत निघालेल्या डॉज चॅलेंजरचं ६.४ लिटरचं इंजिन या कडक मापानेही ४८५ भरायचं. तेव्हा ताकदीच्या गप्पा सोड.

तरीही ऑगस्टमध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची रांग लागते तेव्हा मीही तासन्‌तास उभा असतो. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचे मागचे दोन बॅरल उघडतात तो क्षण छातीत जाणवतो. पाय आणि इंजिन यांच्यामध्ये एक दांडी आणि दोन-चार सांधे, एवढंच. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट फीलर गेजने, म्हणजे पातळ मापपट्टीने, लावायची, टायमिंग लाइट धरून ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, आणि इंजिन सुरळीत चाललं की कानालाच कळतं. आज हे काम कॉम्प्युटर सेकंदाला कितीतरी वेळा करतो, आणि अधिक चोख करतो. तो नेमकं काय करतो हे तुला हाताने शिकता येईल, यासाठी ही गाडी घे.

आता ब्रेक. त्या मस्टँगला ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी सर्किटचा सिलिंडर आणि पुढे डिस्क ब्रेक आधी बसवून घे, खांद्यावरून येणारे पट्टेही. ‘ओरिजिनल’ राहणार नाही म्हणून कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे. स्टिअरिंगचा दांडा धडकेत दुमडणारा नाही, हेही डोक्यात ठेवून चालव.

बघायला जाशील तेव्हा रंग आणि क्रोमवर भाळू नकोस. पाण्याची बाटली ने. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यात पाणी ओत, मग आतला गालिचा उचलून डॅशबोर्डखाली हात घालून बघ. ओल लागली तर आतला पत्रा गंजलाय. तो बदलायला मडगार्ड काढून एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलने उडवावा लागतो, आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. मिशिगनमध्ये वाढलेली गाडी असेल तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने फ्लोअरही खाल्लेला असू शकतो. कोरड्या हवेच्या राज्यातली गाडी दूरवरून आणावी लागली तरी तीच बघ.

तुझा,
काका