समुद्रातला खजिना अन् नागपूरचे पाच लाख

प्रश्न : मी रिटायर झालोय, महालात राहतो. माझ्या साळ्याच्या ओळखीतल्या एकाने वर्धा रोडच्या हॉटेलात प्रेझेंटेशन ठेवलं होतं. परदेशातली कंपनी आहे, बुडालेली जुनी जहाजं शोधून त्यातलं सोनं-चांदी काढते, लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात यायच्या, आधीचे शेअर स्वस्तात मिळून राहिले म्हणे. कमीत कमी पाच लाख टाकायचे. व्हिडिओत नाणी खरंच दिसत होती. बायको म्हणते, नागपुरात समुद्र नाही अन् तुम्हाले जहाज सुचून राहिलं. हे सगळं फ्रॉडच असते का?
– एक वाचक, महाल

उत्तर : वहिनींना आधी नमस्कार सांगा. अन् नाही, सगळं फ्रॉड नसतं. जहाज खरं असतं, नाणी पण खरी असतात, आणि तरीही शेअरवाल्याच्या हातात काही पडत नाही, असं या धंद्यात एकदा नाही, बरेचदा झालंय.

ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन घ्या, फ्लोरिडातल्या टॅम्पाची, लिस्टेड, लपूनछपून काही नाही. २००७ मध्ये यांनी अटलांटिकच्या तळातून जवळपास सहा लाख नाणी काढली, वजन १७ टन, किंमत ५० कोटी डॉलर म्हणून जगभर बातम्या, शेअर एकदम वर. मग स्पेन कोर्टात गेला, की हे १८०४ साली बुडालेलं आमच्या नौदलाचं मर्सेडेस जहाज आहे आणि युद्धनौका समुद्राच्या तळाला गेली तरी मालकी त्या देशाचीच राहते. कोर्टाला ते पटलं अन् २०१२ मध्ये सगळी नाणी विमानात भरून स्पेनला गेली. वरून स्पेनच्या वकिलांचे दहा लाखांवर डॉलर पण कंपनीच्याच माथी. शोधायचा, काढायचा, साफ करायचा खर्च कोणाच्या पैशातून झाला हे तुम्हीच ओळखा.

तुमच्या साळ्याचा माणूस म्हणेल, आमच्या जहाजाच्या मालकीचा काही लफडा नाही. ठीक आहे, तसंही उदाहरण आहे, त्याच कंपनीचं. एसएस गैरसोप्पा, आपल्या जोग धबधब्याचं जुनं नाव घेतलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, कलकत्त्याहून चांदी, चहा असा माल घेऊन निघालं अन् फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने आयर्लंडच्या पुढे बुडवलं. ब्रिटिश सरकारशी आधीच लेखी करार, ८० टक्के कंपनीचे, २० सरकारचे. २०१२ अन् १३ मध्ये जवळपास पावणेपाच किलोमीटर खोलातून शंभर टनांवर चांदी काढली, कमालच आहे, टेक्निकली तर सलाम. पण कंपनी काही तोट्यातून बाहेर निघाली नाही, २०१६ मध्ये १२ जुन्या शेअरचा १ नवा शेअर करावा लागला, आणि आता तिचा भर समुद्रतळाच्या खनिजांवर आहे. एवढं सगळं बरोबर जुळून आल्यावरची ही गोष्ट आहे बरं.

अन् जुळून न आलेली ऐकायची तर टॉमी थॉम्पसन. ओहायोचा इंजिनिअर, १६१ लोकांनी मिळून त्याला १ कोटी २७ लाख डॉलर दिले, त्याने १८५७ च्या वादळात बुडालेलं एसएस सेंट्रल अमेरिका १९८८ मध्ये खरंच शोधून काढलं, सोनं निघालं, लगेच जुन्या इन्शुरन्स कंपन्या हक्क सांगत उभ्या, वर्षानुवर्षे केस. पुढे सोनं सुमारे पाच कोटी डॉलरला विकलं गेलं आणि पैसे लावणाऱ्यांना छदाम नाही. त्यांनी केस टाकली, २०१२ मध्ये हा माणूस गायब, २०१५ मध्ये पकडला, ५०० नाणी कुठं आहेत ते सांगितलं नाही म्हणून वर्षानुवर्षे जेलात राहिला.

मला विचाराल तर या कंपन्या नाण्यांवर चालतच नाहीत, त्या चालतात शेअर विकून. जहाज, रोबोट, क्रू यांचा खर्च रोजचा, कमाई झाली तर कधीतरी, म्हणून पैसा संपला की नवे शेअर काढायचे, तुमचा वाटा तेवढा बारीक. मोठी बातमी बहुतेक तेव्हाच येते जेव्हा नवे शेअर खपवायचे असतात. बातमीतले कोटी पण शौकिनांच्या एकेका नाण्याच्या भावाने लावलेले असतात, लाखो नाणी एकदम बाजारात आणली तर तो भाव देणार कोण?

त्या प्रेझेंटेशनवाल्याला एवढंच मागा : जहाजाचं नाव काय, मालकीबद्दल कोणत्या कोर्टाचा आदेश किंवा कोणत्या सरकारचा करार हातात आहे, मागच्या तीन वर्षांचे ऑडिटेड हिशेब, आणि आतापर्यंत शेअरहोल्डरला किती रुपये दिले. "सिक्रेट आहे, लोकेशन लीक होईल" असं म्हणाला की समजून जा. लोकेशन सांगू नको, हिशेब दाखव म्हणा.

अजून एक, परदेशात इन्व्हेस्ट करायला आपला पैसा बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, बाहेरदेशी पैसे पाठवायची सोय) नियमात जातो, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. हा माणूस रोख मागत असेल किंवा इथल्याच कोणाच्या खात्यात टाका म्हणत असेल, तर समुद्रापर्यंत जायची गरजच नाही.

प्रश्न : अशाच एका स्कीममध्ये मी दोन लाख आधीच दिलेत, महिना तीन टक्के नक्की म्हणाले होते, दोन महिने आले अन् मग बंद. आता फोन उचलत नाहीत. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे.
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर : सर्टिफिकेटच्या भरवशावर बसू नका. बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲप चॅट, महिना तीन टक्के लिहिलेला कागद, सगळ्याचे प्रिंट काढा अन् नागपूर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. परतावा नक्की सांगून ठेवी घेतल्या असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाचा, कायदा लागू होऊ शकतो, त्यात प्रॉपर्टी जप्त करायची सोय आहे. ज्यांनी तुमच्यासोबत पैसे दिले त्यांनाही सोबत घेऊन जा. "अजून पन्नास हजार भरा, मग सगळं सोडवतो" असा फोन आला तर भरू नका, तो नंबर पण तक्रारीत टाका.